अर्क, टिंक्चर आणि ओट्यावरचे यंत्र : वनौषधींचे सत्त्व उतरवण्याच्या विद्येचा इतिहास

प्रास्ताविक

अमेरिकेत गेल्या दशक-दीड दशकात स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवण्याचे एक नवे विद्युत यंत्र रूढ झाले आहे. दिसायला ते आपल्याकडील मिक्सरच्या उंच भांड्यासारखे असते. त्यात वाळलेली वनस्पती घालायची, तेल, तूप, ग्लिसरीन किंवा मद्यार्क ओतायचा, उष्णता व तास ठरवायचे आणि कळ दाबायची. यंत्र नेमून दिलेली उष्णता राखते, अधूनमधून ढवळते आणि वेळ संपली की थांबते. चोथा गाळून टाकला की घरच्या घरी 'टिंक्चर' तयार होते. कोलोरॅडो व वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी २०१२ च्या मतदानाने भांगेवरील बंदी उठवली. या यंत्रांच्या प्रसाराला त्या बदलाचा मोठा हातभार लागला. पुढे सुगंधी पाने, मुळे, साली यांसाठीही ती वापरली जाऊ लागली, आणि समाजमाध्यमांतून त्यांची माहिती आपल्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली आहे.

हे यंत्र नवे आहे, पण ते जे काम करते ते हजार वर्षांहून जुने आहे. त्या कामाचा इतिहास आपण बहुधा पात्रांचा इतिहास म्हणून शिकवतो : मडके, देग, काचेचे चंबू, आणि आता विजेचे भांडे. प्रस्तुत लेखात तो वेगळ्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न आहे. प्रत्येक युगातील जाणत्या औषधकाराने तीन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत : वनस्पती कोणती, ती कोणत्या द्रवात उतरवायची, आणि मात्रा किती. जेथे या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले तेथे माणसे दगावली. घरगुती औषध करणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असणे म्हणूनच गरजेचे आहे.

१. पाणी : क्वाथ आणि जोशांदा

सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त द्रव म्हणजे पाणी. आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच मूळ कल्प सांगितले आहेत. शार्ङ्गधरसंहितेत त्यांची प्रमाणेही दिली आहेत. क्वाथासाठी एक भाग वनस्पतीला सोळा भाग पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. हिमासाठी सहा भाग थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचे. फांटासाठी चार भाग उकळते पाणी वापरायचे. युनानी तिब्बमध्ये याच क्रियांना फारसी नावे आहेत. 'जोशीदन' म्हणजे उकळणे, त्यावरून जोशांदा. 'खीसांदन' म्हणजे भिजवणे, त्यावरून खेसांदा. मराठीतला 'जोश' हा शब्द त्याच उकळीतून आलेला आहे.

दोन्ही परंपरांत पाण्याची मर्यादा सारखीच जाणवली. पाण्यात उतरवलेले औषध टिकत नाही. काढा एक-दोन दिवसांत बिघडतो. शिवाय राळ, तेल, काही रंगद्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. हळद पाण्यात कालवली तर पिवळा गढूळपणा येतो, पण गाळल्यावर पाणी फिकट होते. तीच हळद तेलात किंवा स्पिरिटमध्ये घातली तर रंग गडद उतरतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया हळद दुधातून किंवा तुपातून देत आल्या, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण होते.

टिकाऊपणासाठी हकिमांनी इतर माध्यमे शोधली. साखरेच्या पाकात शरबत, मधात माजून, तेलात रोगन, सिरक्यात सिकंजबीन. मुरंबा हा शब्द अरबी 'मुरब्बा'तून आणि गुलकंद हा फारसी 'गुल' व 'कंद' यांतून मराठीत आला. आज ते आपल्या बरण्यांत खाद्यपदार्थ म्हणून राहतात, पण त्यांचा उगम औषधालयातला आहे. जुन्या तिब्बी ग्रंथांत मद्याचा उल्लेख येतो हे खरे. तरीही पाणी, साखर, मध, तेल आणि सिरका यांवर उभी असलेली संपूर्ण औषधनिर्मिती ही युनानी परंपरेची मोठी कमाई आहे. कराबादीन नावाचे जे योगसंग्रह पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, त्यांत वनस्पतीइतकेच माध्यमाला महत्त्व दिलेले दिसते.

२. कुरअ, अंबीक आणि काबिला

'अर्क' या शब्दाची मराठीत गंमत आहे. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुईचे झाडही. औषधाचा अर्क मात्र अरबी 'अरक' म्हणजे घाम या शब्दावरून आला. तापलेल्या पात्राच्या झाकणाला आतून जे थेंब सुटतात ते घामासारखे दिसतात, म्हणून हे नाव. पुढे मराठीने दोन्ही शब्द एकत्र केले आणि 'हा पोरगा म्हणजे अर्क आहे' असे म्हणण्याइतके ते अंगवळणी पाडले. रावणाच्या नावावर चालणारा 'अर्कप्रकाश' हा संस्कृत ग्रंथ अभ्यासक बराच उत्तरकालीन मानतात. ऊर्ध्वपातनाची विद्या दोन्ही वैद्यकांत कशी मिसळली याची तो साक्ष आहे.

या उपकरणाचे तीन भाग. खालचे गोल पात्र म्हणजे 'कुरअ'; अरबीत याचा अर्थ भोपळा, आणि आकारही तसाच. वरचे टोपण म्हणजे 'अंबीक'. हा शब्द ग्रीकमधून अरबीत आला आणि 'अल्-अंबीक' होऊन युरोपीय भाषांत गेला. थेंब झेलणारे पात्र म्हणजे 'काबिला'. याच शब्दाचा दुसरा अर्थ सुईण असा आहे : जे जन्माला येते ते हातात घेणारी. अबू बक्र अल्-राझी (मृत्यू इ. स. ९२५ च्या सुमारास) याने आपल्या किमयाविषयक ग्रंथात अशा उपकरणांची पद्धतशीर यादी दिली आहे.

येथे पाठ्यपुस्तकांत वारंवार येणारे एक विधान तपासून पाहावे लागते. गुलाबपाण्याचे ऊर्ध्वपातन इब्न सीनाने (९८०–१०३७) शोधले असे सांगितले जाते. पण अल्-किंदी (मृत्यू इ. स. ८७३ च्या सुमारास) याच्या सुगंधी द्रव्ये व ऊर्ध्वपातने यांवरील ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत, आणि अल्-किंदी इब्न सीनाच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे निवर्तला होता. इराणातील फार्स प्रांतातील जूर या गावचे गुलाबपाणीही इब्न सीनाच्या आधीपासून नावाजलेले होते. पुढे कुर्तुबा परिसरातील अल्-झहरावी याने 'अल्-तसरीफ' या तीस प्रकरणांच्या ग्रंथातील अठ्ठाविसावे प्रकरण औषधे तयार करण्यास वाहिले. त्याचा लॅटिन अनुवाद १४७१ मध्ये व्हेनिसला छापला गेला. इब्न सीनाची थोरवी त्याच्या 'कानून'मधील मांडणीत आहे; न केलेल्या शोधाचे श्रेय देऊन ती वाढत नाही, आणि अशा विधानांमुळे इतर खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वास मात्र डळमळतो. विद्या अनेक हातांतून वाढली हे सत्य विद्यार्थ्यांना सांगणे अधिक मोलाचे आहे.

अर्क काढताना वाफेबरोबर फक्त उडनशील द्रव्ये वर जातात. बडीशेप, ओवा, गुलाब यांचा वास व त्यामागील तेले काबिल्यात येतात. कडू अल्कलॉइडे, शर्करा, क्षार खालच्या पात्रातच राहतात. म्हणून अर्के-बादियान किंवा अर्के-गुलाब सौम्य असतो. पात्राखालची आच बेताची राहावी यासाठी दुसरे पात्र पाण्यात ठेवून तापवण्याची पद्धत होती. अलेक्झांड्रियाच्या मारिया नावाच्या विदुषीशी परंपरेने जोडलेली ही पद्धत तिब्बमध्ये 'हम्माम-ए-मारिया' म्हणून ओळखली जाते. खुल्या भांड्यातील पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतले औषध करपत नाही. आजच्या यंत्रातील उष्णतानियंत्रक हा या हम्मामाचाच वंशज आहे.

३. विजापूर, अहमदनगर आणि गोवा

ही विद्या आपल्या परिसरात परकी राहिली नाही. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (१५८०–१६२७) सुगंधी द्रव्यांवर 'इत्र-ए-नवरसशाही' हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. याच दरबारातील इतिहासकार मुहम्मद कासिम फरिश्ता याने भारतीय वैद्यकाची ओळख करून देणारा फारसी ग्रंथही रचला. तवारीख लिहिणारा माणूस औषधींवरही लिहितो, यावरून त्या काळच्या विद्येचा आवाका कळतो. उत्तरेत जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानची आई अस्मत बेगम हिला गुलाबाच्या अत्तराचे श्रेय दिले आहे. गुलाबपाण्याच्या भांड्यांवर जमलेला तेलाचा तवंग तिने वेगळा काढला आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' हे नाव दिले. शोध येथे नव्या पात्राचा नव्हता. पाण्यावर तरंगणाऱ्या थराकडे लक्ष जाण्याचा होता.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य व स्नेही होता. भारतातील औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. गोव्यातील अगदी आरंभीच्या छापील ग्रंथांपैकी तो एक आहे. ओर्ताची धडपड मुख्यतः आपल्या पहिल्या प्रश्नाशी निगडित होती : वनस्पती नेमकी कोणती? एकाच औषधीची अरबी, लॅटिन आणि देशी नावे ताडून पाहणे, बाजारात येणारा माल प्रत्यक्ष बघणे, आणि जुन्या ग्रंथांतील चुका दाखवणे हे त्याने केले. गोव्यात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू रुजला आणि त्याच्या बोंडांच्या रसापासून भाणात तापवून, लावणीत थेंब झेलून दारू गाळली जाऊ लागली. पहिल्या ऊर्ध्वपातनाला गोव्यात 'हुर्राक' म्हणतात. हकिमाचा अर्क आणि गोव्याचा हुर्राक हे शब्द एकाच घराण्यातले आहेत.

४. मद्यार्क आणि टिंक्चर

मद्यार्काचे इंग्रजी नाव 'अल्कोहोल' हेही मूळ अरबी. 'अल्-कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. अतिशय बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे सूक्ष्म सत्त्व, आणि शेवटी द्राक्षमद्याचे सत्त्व असा या शब्दाचा अर्थ युरोपात सरकत गेला. इटलीतील बोलोन्याचा वैद्य तद्देओ अल्देरोत्ती (मृत्यू १२९५) याने पाण्याने थंड केलेल्या नळीतून मद्य पुनःपुन्हा गाळून तीव्र मद्यार्क मिळवण्याची रीत लिहून ठेवली.

'टिंक्चर' हा शब्द रंगवणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. मद्यार्कात वनस्पती भिजवली की तिचा रंग उतरतो, म्हणून टिंक्चर. सतराव्या शतकात टॉमस सिडनॅम या इंग्रज वैद्याने अफू, केशर, दालचिनी व लवंग मद्यात भिजवून केलेले लॉडॅनम प्रसिद्ध झाले. मद्यार्काचे दोन गुण औषधकारांना भावले : तो राळ व अल्कलॉइडे विरघळवतो, आणि तयार औषध वर्षानुवर्षे टिकते. पण एकच मद्यार्क सर्व वनस्पतींना चालत नाही. ब्रिटिश फार्माकोपियात सुंठ व लोबान यांच्या टिंक्चरसाठी ९० टक्क्यांचा मद्यार्क, तर जेन्शियनसारख्या कडू मुळाच्या संयुक्त टिंक्चरसाठी ४५ टक्क्यांचा सांगितला होता. भिजवण्याच्या पद्धतीत बंद बरणी सात ते चौदा दिवस ठेवून अधूनमधून हलवायची. दुसऱ्या पद्धतीत ओलावलेली पूड शंकूसारख्या पात्रात भरून वरून मद्यार्क थेंबथेंब झिरपवायचा.

युरोपातही तिसरा प्रश्न, म्हणजे मात्रेचा, दीर्घकाळ सुटलेला नव्हता. एका देशातील टिंक्चर दुसऱ्या देशातील टिंक्चरपेक्षा दुप्पट तीव्र असू शकत होते, आणि प्रवासी रुग्णाला त्याच नावाच्या बाटलीतून विषबाधा होण्याचा धोका होता. म्हणून १९०६ मध्ये ब्रसेल्स येथे अनेक राष्ट्रांनी करार करून तीव्र औषधांच्या टिंक्चरसाठी दहा टक्के हे समान प्रमाण ठरवले.

ब्रिटिश दवाखान्यांबरोबर टिंक्चर भारतात आले. शाळेच्या प्रथमोपचार पेटीतील टिंक्चर आयोडीन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. टिंक्चर बेंझोइनमधील 'बेंझोइन' हा शब्द अरबी 'लुबान जावी' म्हणजे जावाचा लोबान यातून अपभ्रंश होत युरोपभर फिरून परत आला.

५. द्रवाने केलेला घात

आता या इतिहासातील कटू भाग. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा 'जमैका जिंजर' नावाचा सुंठेचा तीव्र मद्यार्की अर्क औषध म्हणून कायदेशीर मिळे आणि गरीब लोक तो नशेसाठी पीत. सरकारी तपासणीत अर्कात सुंठेचा पुरेसा अंश आहे असे भासावे म्हणून काही उत्पादकांनी १९३० मध्ये त्यात ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळले. हजारो लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. सुंठ निर्दोष होती; घात द्रवात मिसळलेल्या पदार्थाने केला.

१९३७ मध्ये त्याच देशात सल्फानिलामाइड हे औषध गोड द्रवरूपात देण्यासाठी डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले गेले. द्रवाची विषारीपणासाठी चाचणी कोणी केली नव्हती. शंभराहून अधिक लोक, त्यांत अनेक मुले, मृत्युमुखी पडले आणि १९३८ चा कडक औषध कायदा आला. हा धडा जगाने शिकला असे मानावे तर १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधांमुळे मुले गेली, तेव्हाही हाच पदार्थ समोर आला.

ग्लिसरीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दाट आणि गोडसर असतात. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही. घरी टिंक्चर करणाऱ्यांना मद्यार्काऐवजी ग्लिसरीन वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या समाजात तो सल्ला अधिक स्वीकारार्ह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी औषधी दर्जाचे, विश्वासू ठिकाणचे ग्लिसरीन लागते. साबण वा रंगकामाच्या दुकानातील सुटे ग्लिसरीन नव्हे. तसेच हार्डवेअरच्या दुकानातील स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते, आणि मिथेनॉल आंधळे करते किंवा जीव घेते.

६. मुंबई राज्यातील दारूबंदी आणि औषध

द्रवाचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयातही गेला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये झाला. त्या वेळी बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यात होते आणि बडोदा संस्थानही १९४९ मध्ये त्यात विलीन झाले होते. कायद्यातील 'मद्य' या संज्ञेत मद्यार्क असलेले सर्व द्रव आले, म्हणजे टिंक्चर आणि कोलनवॉटरही. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१ मध्ये निकाल दिला. न्या. सय्यद फज्ल अली यांनी लिहिलेल्या या निकालाने दारूबंदीचे धोरण मोठ्या अंशी कायम ठेवले, पण मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्या वापरावर बंदी घालणाऱ्या तरतुदी त्या मर्यादेपुरत्या अवैध ठरवल्या. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन, पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेल्या औषधांना सूट देण्यात आली. औषध आणि दारू यांतील सीमा कोठे आखायची, हा प्रश्न अमेरिकेतील सुंठेच्या अर्कापासून मुंबईच्या टिंक्चरपर्यंत एकच होता.

दर्जाचा प्रश्न त्याआधीच ऐरणीवर आला होता. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. त्यात युनानी व आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीने घातले गेले. 'कराबादीन-ए-आझम', 'बयाज-ए-कबीर' यांसारख्या ग्रंथांना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रमाणग्रंथ म्हणून स्थान आहे. वैद्य व हकीम स्वतःच्या रुग्णांसाठी जे औषध करतात त्याला निर्मिती-परवान्यातून सूट आहे. विक्रीसाठी बाटल्या भरणाऱ्याला ती नाही. घरच्या यंत्रात केलेले टिंक्चर चिठ्ठी चिकटवून विकू पाहणाऱ्या तरुणाला ही रेषा ठाऊक असली पाहिजे.

७. मात्रेचा धडा : सर्पगंधा

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातीलच आहे. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात आधुनिक रसायनशास्त्राला जागा दिली. तेथे सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या (तिब्बमध्ये असरोल) मुळांतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि १९२७ मध्ये निवर्तलेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलीन' नाव दिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळातून रेसर्पिन वेगळे झाले.

या संशोधनाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. परंपरेचे निरीक्षण खरे होते. आणि एकाच मुळात निरनिराळे गुणधर्म असलेली अनेक अल्कलॉइडे असतात, ज्यांचे प्रमाण जमीन, ऋतू आणि मुळाचे वय यांनुसार बदलते. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजली जाते. जास्त झाल्यास रक्तदाब घसरतो आणि मन खिन्न होते. असे मूळ घरी मद्यार्कात भिजवले तर एका चमच्यात किती औषध आले हे कोणालाही सांगता येणार नाही. जुन्या हकिमाजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण त्याच्यासमोर रुग्णाची नाडी होती आणि औषध बदलण्याची, थांबवण्याची मुभा होती. बाटली घेऊन जाणाऱ्या ग्राहकाजवळ यांपैकी काहीच नसते.

८. यंत्र काय करते

आता ओट्यावरच्या यंत्राकडे परत वळू. अशा एका प्रचलित यंत्रात १३० ते २२० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५४ ते १०४ अंश सेल्सिअस, अशा चार पायऱ्या असतात आणि वेळ एक ते आठ तास ठेवता येते. ते ऊर्ध्वपातन करीत नाही. खलबत्ता, हम्माम आणि हलवणारा हात या तिघांचे काम ते एकत्र करते. बारीक केलेली वनस्पती, बेताची उष्णता आणि सततची हालचाल यांमुळे आठवड्याचे काम काही तासांत होते, हा त्याचा खरा गुण.

पण येथे भौतिकशास्त्र मध्ये येते. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्याची वाफ त्याहून कितीतरी कमी उष्णतेला पेट घेऊ शकते. म्हणून मद्यार्कासाठी सर्वांत खालचीच पायरी वापरायची असते, खोली हवेशीर लागते आणि जवळपास गॅसची शेगडी पेटलेली असता कामा नये. तेलासाठी योग्य असलेली पायरी मद्यार्काला लावली तर स्वयंपाकघरात आगीचा प्रसंग ओढवेल. शिवाय सुगंधी वनस्पती तासन्‌तास गरम ठेवली तर जे उडनशील तेल हकीम अंबिकातून काळजीपूर्वक झेलत असे, ते झाकणाच्या फटीतून निघून जाते. गुलाबाला जे चालते ते ज्येष्ठमधाला नको, आणि ज्येष्ठमधाला चालते ते लोबानाला नको. यंत्राच्या कळांवर हा भेद लिहिलेला नसतो.

समारोप

अल्-किंदीच्या कृतींपासून आजच्या कळीपर्यंतच्या प्रवासात उष्णता राखण्याचे आणि ढवळण्याचे श्रम यंत्राने हलके केले. वनस्पतीची ओळख, द्रवाची शुद्धता आणि मात्रेचा निर्णय हे मात्र माणसाकडेच राहिले आहेत.

महाविद्यालयात या विषयाला जागा देणे अवघड नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात हळद पाणी, तेल आणि प्रयोगशाळेतील मद्यार्क यांत भिजवून, गाळून, तिन्ही नळ्यांचे रंग शेजारी ठेवता येतील. चव घेण्यासाठी हे नाही, हे आधीच सांगावे. इतिहासाच्या तासाला जमैका जिंजर, जे. जे. रुग्णालय आणि बलसारा खटला ही तीन प्रकरणे एकत्र वाचता येतील. उर्दू-फारसी शिकवणाऱ्यांना अर्क, मुरंबा, गुलकंद, अल्कोहोल, बेंझोइन या शब्दांचा प्रवास वर्गात उलगडता येईल. तीन विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एक घटक तयार केला तर विद्यार्थ्याला आपल्या परंपरेचा सार्थ अभिमानही वाटेल, आणि घरी एखादी बाटली भरण्यापूर्वी ते तीन प्रश्न विचारण्याची सवयही लागेल.